बॅलीकॉरनचा अर्बाब

आमची कंपनी पाण्याच्या टाक्या बनवायची. ओमानात, मस्कतजवळच्या गाला भागात तेव्हा गॅरेजं, वर्कशॉपं आणि धूळ एवढाच पसारा होता. त्यात आमच्या पांढऱ्याशुभ्र टाक्या जरा सोवळ्यातल्या वाटत. १९९५ साली या टाक्यांवर जनरल मॅनेजर म्हणून हॅनरहान नावाचा आयरिश गृहस्थ आला आणि पाण्याविषयी एक माणूस किती बोलू शकतो हे आम्हाला कळलं.

त्याचं गाव बॅलीकॉरन. नुसतं गाव नव्हे, हेरिटेज टाउन. वेशीवर तसा सरकारी बोर्डच लावलेला आहे. तिथे किल्ला आहे, दगडी पूल आहे, रंगीत दुकानं आहेत आणि नदीच्या काठाकाठाने जाणारी पायवाट आहे. दर बुधवारची मीटिंग टाक्यांच्या गळतीवर सुरू व्हायची आणि त्या पायवाटेवर संपायची. "तुम्हा लोकांना पाणी म्हणजे काय ते माहीतच नाही," तो म्हणायचा. "एखादा खड्डा भरला की त्याला वादी, म्हणजे नदी, म्हणता आणि बिर्याणी घेऊन सहलीला जाता." 'तुम्हा लोकांना' यात ओमानी, भारतीय, बांगलादेशी आणि रिसेप्शनवरची फिलिपिनो बाई असे सगळे यायचे. निम्मी कंपनी कोकणातली. पावसाळ्यात घरात पाणी शिरतं म्हणून परदेशी आलेली ही माणसं, पाणी म्हणजे काय ते एसीत बसून ऐकत.

सर्वांत सुंदर मान हलवायचा तो जनार्दन. पुण्याचा, एम.कॉम., ऑफिसच्या प्रशासनाचा प्रमुख. अजिबात न हलवणारा डॉमनिक तुस्कानो. वसईजवळच्या भुईगावचा, प्रोडक्शनचा इन्चार्ज, कंपनीत हॅनरहानच्या कितीतरी आधीपासून. डॉमनिकचं आणि हॅनरहानचं वाकडं होतं आणि त्याचं मूळ जनार्दनच्या इंग्रजीत होतं.

झालं असं की १९९६ साली डॉमनिकची मोठी आय वारली. त्याच्या घरी आय म्हणजे आई आणि मोठी आय म्हणजे थोरली काकी. याच काकीने त्याला लहानाचा मोठा केलेला. रजेचा अर्ज जनार्दनने टाइप केला. पुण्यात मोठी आय नसते. त्याने बराच विचार केला आणि कारण लिहिलं, 'डेथ ऑफ मदर, सीनियर'. रजा मिळाली.

तीन वर्षांनी डॉमनिकची खरी आय गेली. सकाळी भुईगावहून फोन आला, दुपारपर्यंत तो हॅनरहानच्या केबिनमध्ये उभा. हॅनरहानने फाइल मागवली.

"टस्कॅनो, तुझी आई शहाण्णव साली वारलेली आहे."

"ती मोठी आय, सर. ही माझी आय."

"असं. म्हणजे ही मदर, ज्युनियर?"

जनार्दन फाइल घेऊन तिथेच उभा होता. डॉमनिक त्याला मराठीत म्हणाला, "अरे, सांग की त्याला!"

जनार्दनने टायवरची नसलेली धूळ झटकली. "फाइलमध्ये आहे ते आहे रे. आता बदललं तर मी खोटा पडतो."

"मग मी कोण पडतो?"

हॅनरहानने रजा नाकारली आणि वर समजावलं की तुम्हा लोकांना आया फार असतात. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. रजेचा कागद सही झाल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. भुईगावात आयची माती डॉमनिकशिवाय झाली. त्या शुक्रवारी त्याने गालाच्या चर्चमध्ये आयच्या नावाने मिस्साची प्रार्थना सांगितली आणि शनिवारी कामावर आला. तेव्हापासून तो हॅनरहानशी फक्त टाक्यांना लागणाऱ्या रेझिनविषयी बोलायचा.

हे असंच चाललं असतं. पण २००५ च्या जानेवारीत डॉमनिकला साठ वर्षं पूर्ण होणार होती. साठीनंतर व्हिसा वाढवायचा तर कंपनीच्या साहेबाने शिफारस करावी लागते, की हा माणूस आम्हाला हवा आहे. साहेब म्हणजे हॅनरहान. आणि डॉमनिकचा धाकटा, जॉर्डन, त्यांच्या सीबच्या घरी राहून इंडियन स्कूलमध्ये अकरावीत शिकत होता. शिफारस मिळाली तर बारावी इथे. नाही मिळाली तर भर वर्षात शाळेतून काढून वसईला, जिथे रिक्षावाल्याशी बोलायलाही त्याला आईची मदत लागायची.

"दोन वर्षं," उर्सुला नवऱ्याला म्हणाली. "दोन वर्षं तोंड गोड ठेव. मग त्याला काय हवं ते ऐकव."

"माझं तोंड गोड नाही."

"हलवा खा."

संधी चालून आली ती त्यांच्या मुलीमुळे. जॅस्मिन नर्स होऊन आयर्लंडला गेलेली होती. तिने २००४ च्या उन्हाळ्यात आईबापांना बोलावलं. तिच्या गावापासून बॅलीकॉरन बसने तासाभरावर होतं. हॅनरहानने रजेवर सही करताना इतकंच सांगितलं, "नदीकाठाने चालून ये. कचरा टाकू नकोस."

माझ्या घरी जा, असं तो म्हणाला नव्हता. पण गल्फमध्ये हे कोणी म्हणावं लागत नाही. कोणी रजेवर निघाला की ज्याच्या गावाच्या आसपास जाणार त्याच्या घरी जातो, काहीतरी नेऊन देतो, म्हाताऱ्यांचा फोटो काढून आणतो. आमचा फोरमन बाबामियाँ रत्नागिरीचा. त्याच्या अंगणात कंपनीतली अर्धी माणसं चहा पिऊन आलेली. त्याने डॉमनिकला ताकीदच दिली, "सायबाच्या गावाला जाशील नि घराला नाय जाशील? काय म्हणतील ती माणसां? भांडन असलां तरी जायचां."

उर्सुलाला तेवढंच हवं होतं. तिने मस्कती हलव्याचे दोन डबे बांधले.

बॅलीकॉरनची पुढची हकीकत आम्ही कँटीनमध्ये डॉमनिककडून ऐकली आणि नंतर त्यांच्या घरी उर्सुलाने ती दुरुस्त करून दिली.

बोर्ड होता. हेरिटेज टाउन, खाली आयरिश भाषेत तेच आणि त्याखाली कुत्र्याची घाण उचलली नाही तर दंड. दुकानं रंगीत होती: एक निळं, एक पिवळं, एक गुलाबी आणि तिन्ही बंद. किल्ला पाहायला तिकीट होतं. उर्सुला म्हणाली, "आपल्या वसईच्या किल्ल्याला तिकीट नाही, म्हणून तर तिथे बकऱ्या जातात." किल्ल्यात एक भिंत होती. भिंतीसमोर एक फलक, की या ठिकाणी दुसरी भिंत होती.

पायवाट मात्र खरी होती. एका बाजूला नदी, एका बाजूला ओली झाडं, मध्ये गुळगुळीत रस्ता आणि ठरावीक अंतरावर बाकं. प्रत्येक बाकावर कोणा मेलेल्या माणसाचं नाव, की याला ही जागा फार आवडायची. पाऊस पडत होता. पडत होता म्हणजे थांबतच नव्हता. डॉमनिकने जॅस्मिनच्या पदवीदानासाठी शिवलेला सूट घातला होता. समोरून येणारी माणसं हसून "लव्हली डे" म्हणत होती. चौथ्या माणसाला डॉमनिकने विचारलं, "कुठे?"

"हेच ते पाणी," तो बायकोला म्हणाला. "नऊ वर्षं याच्यासाठी मीटिंगला बसलो."

"चांगलं आहे की."

"चांगलं आहे म्हणूनच राग येतो. आम्हाला सांगितलं तेव्हा त्याचं होतं. पाहिलं तर सगळ्यांचं आहे."

पायवाट जिथे संपते तिथे हॅनरहानचं घर होतं. त्याच्या तोंडून आम्ही 'फॅमिली मिल' ऐकली होती. गिरणी होती, पण तिथे आता मोटारींची काच दुरुस्त करून मिळत असे. शेजारी दोन खोल्यांचं बैठं घर. दार एका म्हातारीने उघडलं. ऐंशीच्या पुढची, ताठ, हातात विणकामाची सुई.

डॉमनिकने सांगितलं, आम्ही ओमानहून आलो, तुमच्या मुलाच्या कंपनीतून.

म्हातारीने त्याला नीट पाहून घेतलं. सूट, टाय, पांढरे केस, मागे छत्री धरून उभी असलेली बायको. हॅनरहानबाईंना अरबीतला एकच शब्द येत होता, मुलाच्या पत्रांतून आणि फोनवरून शिकलेला. ओमानात नोकराला मालक असतो, त्याला अर्बाब म्हणतात आणि तो दुष्ट असतो.

"असं," त्या म्हणाल्या. "अर्बाब तो तूच."

आणि आत घेतलं. चहा दिला, फळांचा केक दिला आणि तो तोंडात आहे तोवर सुनावायला सुरुवात केली. आठ नाताळ. आठ नाताळ माझा मुलगा घरी नाही. दरवर्षी निघायच्या तयारीत असतो आणि दरवर्षी हा अर्बाब आयत्या वेळी रजा रद्द करतो. बिचारा फोनवर रडवेला होतो. कसला माणूस आहेस तू? आईपासून मुलाला तोडणारा माणूस रात्री झोपतो कसा?

आता हॅनरहान प्रत्येक नाताळात थायलंडला असायचा हे कंपनीत सर्वांना ठाऊक. तिकीट जनार्दनच काढायचा.

"तुला नाही म्हणायला तोंड नव्हतं का?" उर्सुलाने त्याला परतीच्या बसमध्ये विचारलं.

"तोंडात केक होता."

"केक काय अर्धा तास होता?"

खरी गोष्ट अशी, की बावीस वर्षं गल्फमध्ये काढून त्याला अर्बाब कोणीच म्हटलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, त्या म्हातारीचा एकेक शब्द त्याला पटत होता. हेच सगळं त्याला पाच वर्षांपूर्वी कोणालातरी म्हणायचं होतं. इतकं बरोबर बोलणाऱ्या बाईला मध्येच कसं थांबवणार? केक संपल्यावर त्याने तोंड पुसलं आणि तो म्हणाला, "मॅडम, या नाताळला मी त्याला पाठवतो."

म्हातारीने हात पुढे केला. डॉमनिकने तो धरला. मग तिने कार्ड मागितलं आणि त्याने कंपनीचं कार्ड दिलं.

तो ओमानला पोचण्याआधी तिचा फोन पोचला होता.

हॅनरहानची केबिन आमच्याच फायबरच्या पत्र्यांनी आडोसा करून बांधलेली. टाकीत बोललं की घुमतं, तसं आतलं सगळं बाहेर घुमायचं. माझं टेबल तिला लागून होतं.

"माझ्या घरी जायला तुला कोणी सांगितलं?"

"सांगावं लागत नाही, सर. आपल्यात तशी पद्धत आहे."

"आपल्यात?"

"इथल्या लोकांत."

"तू माझ्या आईला सांगितलंस की तू माझा मालक आहेस!"

"त्यांनी मला सांगितलं, सर. मी ऐकून घेतलं."

पुढचं आयरिश होतं. ते कळलं नाही, पण आवाज मोठा होता.

व्हिसाच्या शिफारशीचा कागद जनार्दनने टाइप करून सप्टेंबरातच टेबलावर ठेवला होता. तो ड्रॉवरमध्ये गेला. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. डॉमनिक रोज कामावर येई आणि रोज हॅनरहान त्याच्यात काहीतरी काढी: टाकीला बुडबुडा आला, मजूर हसला, त्याने शर्ट आत खोचला नाही. सर्वांसमोर त्याला "युअर हायनेस" म्हणायला लागला. जनार्दन हसायचा. डॉमनिक जनार्दनला म्हणायचा, "हस. तुझ्या हसण्याचाही ओव्हरटाइम लाव."

पण अडचण हॅनरहानचीच होती. म्हातारी आठवड्याला फोन करत होती, तिकीट काढलं का. थापा संपल्या होत्या. अर्बाब दुष्ट आहे ही थाप चालेना, कारण अर्बाब स्वतः येऊन, केक खाऊन, हात मिळवून गेला होता. तो अर्बाब नव्हेच, माझा हाताखालचा माणूस आहे, असं सांगावं, तर आठ नाताळ कोणी अडवलं?

डिसेंबर लागला तसा जनार्दन निरोप घेऊन शॉपफ्लोअरवर आला.

"डॉमनिक, साहेब सही करायला तयार आहेत. फक्त तू म्हातारीला फोनवर सांगायचंस, कामाचा लोड आहे, रजा रद्द. एक वाक्य. एका वाक्याला दोन वर्षं."

"तूच टाइप करून दे. तुला वाक्यं चांगली येतात."

"टोमणे मारू नकोस रे. जॉर्डनचा विचार कर."

जॉर्डनचा विचार त्याने घरी केला. उर्सुला म्हणाली, "बोलून टाक. ती म्हातारी आपली कोण?"

"कोणी नाही."

"मग झालं तर."

"झालं," डॉमनिक म्हणाला. हे तो खरंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेला तो ते वाक्य पाठ करून. शिफारशीचा कागद टेबलावर, त्यावर हॅनरहानचं पेन, टोपण काढलेलं. हॅनरहानने नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला, वाक्य बरोबर येतं की नाही ते ऐकायला. बाहेर, उघड्या दारासमोर, आम्ही चारपाच जण एकाच बिलाकडे बघत उभे.

"मॅडम, मी ओमानहून बोलतोय. डॉमनिक."

"अर्बाब! बोल. मी फादरला सांगून ठेवलंय, माझा मुलगा येतोय म्हणून."

"मॅडम, या वर्षी कामाचा लोड..."

"नाही, थांब," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आधी मला एक सांग. तुझी आई आहे का?"

"नाही, मॅडम."

"कधी गेली?"

"नव्व्याण्णव साली."

"तू जवळ होतास?"

हॅनरहानने हाताने खूण केली, आटप.

"नव्हतो. मला रजा मिळाली नाही."

"वेड्या, अर्बाबला रजा कोण नाकारणार?"

मग डॉमनिक, ज्या आवाजात रेझिन संपल्याचं कळवायचा त्याच आवाजात, म्हणाला, "तुमच्या मुलाने, मॅडम. मी अर्बाब नाही. तो साहेब आहे, मी त्याच्या हाताखाली. रजा तोच देतो. त्याची त्याला कोणी अडवलेली नाही, कधीच."

आम्हाला वाटलं, आता म्हातारी रडणार, किंवा मुलाला फोनवर घेणार आणि असं काही झोडपणार की आम्हाला वर्षभर पुरेल.

"लाज नाही वाटत?" म्हातारी म्हणाली. "एवढा मोठा मालक, आणि आपलं पाप नोकराच्या गळ्यात घालतोस? माझा मुलगा असं करणार नाही. तुझ्या आईने तुला बघितलं नाही ते बरंच झालं."

आणि फोन ठेवला.

हॅनरहान हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने पेनाला टोपण लावलं आणि कागद उलटा करून ठेवला.

"एक वाक्य सांगितलं होतं, टस्कॅनो."

"जास्त झाली, सर."

"खलास?"

"खलास."

बाहेर आला तेव्हा डॉमनिकचे कान लाल झाले होते. आम्ही सगळे त्या बिलात तोंड घालून. जनार्दन पुढे झाला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "अरे, इतकं सोपं काम होतं."

"तुझ्यासाठी ठेवलंय," डॉमनिक म्हणाला आणि फ्लोअरवर गेला.

उर्सुला त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. बोलली तेव्हा इतकंच, "मुलाचं वर्ष घालवलंस. मिळालं काय? ती म्हातारीसुद्धा तुलाच शिव्या देतेय." जानेवारीत तिघं गेली. निरोपाची पार्टी झाली नाही. साहेबांच्या परवानगीशिवाय केक कापता येत नसे. बाबामियाँने स्वतःच्या पिकअपमधून त्यांना विमानतळावर सोडलं. जॉर्डन वसईच्या कॉलेजात पुन्हा अकरावीला बसला आणि पहिल्याच महिन्यात मराठीतून कचकचीत शिव्या द्यायला शिकला, असं कळलं.

हॅनरहान त्या नाताळलाही थायलंडला गेला.

म्हातारीचे फोन काही थांबले नाहीत, पण आता ते मुलाला नसत. ती कार्डावरच्या नंबरवर अर्बाबला मागायची, दर गुरुवारी, नेमाने. हॅनरहानने हे काम जनार्दनला दिलं. जनार्दनचं इंग्रजी फोनवर आणखी चांगलं व्हायचं. अर्बाब मीटिंगमध्ये आहेत, अर्बाब सलालाला गेलेत, अर्बाबची तब्येत बरी नाही. म्हातारी निरोप ठेवायची आणि जनार्दन 'शुअर, मॅडम' म्हणत तो कुठेच लिहून घेत नसे.

ईस्टरच्या सुमारास तिने एकदा त्याला विचारलं, "दर वेळी तूच फोन घेतोस. तुला तरी रजा देतो का तो?"

जनार्दनची आई पुण्यात, सदाशिव पेठेत, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. त्याने केबिनच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं.

"मी मागत नाही, मॅडम," तो म्हणाला.